म्युनिकच्या तळघरातील मोटरसायकल : एक जागा, दोन हिवाळे

दक्षिण जर्मनीतील म्युनिक शहरात राहणाऱ्या एका पुणेकर अभियंत्याची मोटरसायकल सलग दोन हिवाळे एकाच इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये, एकाच खांबाजवळ उभी होती. पहिल्या हिवाळ्यानंतर ती एप्रिलमध्ये सुरू झाली नाही आणि दुरुस्तीवर मालकाला बराच खर्च करावा लागला. दुसऱ्या हिवाळ्यानंतर बॅटरी जोडून बटण दाबले आणि ती लगेच चालू झाली. थंडी दोन्ही वर्षी साधारण सारखी होती, जागा तीच होती आणि गाडीही तीच होती, त्यामुळे बदलले ते फक्त मालकाचे वागणे. नेमक्या कोणत्या बदलाने फरक पडला आणि कोणता बदल निव्वळ मनाचे समाधान होता, हे वेगळे करून पाहण्याची अशी सोय सहसा मिळत नाही, म्हणून या प्रकरणाची तपशीलवार नोंद केली आहे.

गाडी आणि जागा

गाडी 373 सीसीची केटीएम 390 ड्यूक. भारतीय परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो आणि पुढे लेखी व प्रत्यक्ष परीक्षा देऊन तिथला परवाना काढावा लागतो. मालकाने 35 किलोवॉटपर्यंतच्या गाड्यांचा परवाना काढला, आणि त्या मर्यादेत बसणारी ही गाडी त्याला पुण्यापासून ओळखीची होती. ती बनली बजाज ऑटोच्या चाकण येथील कारखान्यात. केटीएम कंपनीचे ऑस्ट्रियातील मूळ गाव मॅटिगहोफेन म्युनिकपासून दोनेक तासांवर असताना गाडी मात्र चाकणहून समुद्रमार्गे आलेली, याचे त्याला अजूनही कौतुक वाटते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्या चारपाच गोष्टी महत्त्वाच्या आहेत : इंजिन कूलंटने थंड होते, पेट्रोल कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरमधून जाते, टाकी पत्र्याची असून तिच्यात साडेतेरा लिटरच्या आसपास पेट्रोल मावते, बॅटरी अवघी 8 अँपिअर-तासांची आहे आणि गाडीला मधला स्टँड नाही.

जागेबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मालकाची पहिली समजूत जागेविषयीचीच होती. बाहेर रात्रीचे तापमान उणे दहापर्यंत उतरले तरी जमिनीखालचे असे पार्किंग सहसा शून्याच्या वरच राहते. छप्पर आहे, वारा नाही, दाराला कुलूप आहे, तेव्हा आत गाडी सुरक्षित असणार असे कोणालाही वाटेल. परंतु त्याच तळघरात शेजाऱ्यांच्या पंधरा-वीस मोटारी रोज ये-जा करतात, आणि प्रत्येक मोटार चाकांच्या कमानींत बर्फाचा गाळ घेऊन येते. तो गाळ म्हणजे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर पसरलेले मीठ मिसळलेले पाणी. तो फरशीवर वितळतो आणि त्याचे पाणी हवेत जाते, पण हवा खेळायला मार्ग मात्र छताजवळच्या दोनतीन जाळ्यांचा. अशा तळघरातील हवा मालवणच्या पावसाळी हवेहून फार वेगळी नसते, फक्त तिथे घाम येत नाही म्हणून ते जाणवत नाही.

पहिला हिवाळा

त्या वर्षी गाडीची नोंदणी बाराही महिन्यांची होती. डिसेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी स्वच्छ ऊन पडले, रस्ते कोरडे दिसले आणि मालक शहराबाहेर एक फेरी मारून आला. कोरड्या डांबरावर मिठाची जी पांढरी भुकटी असते ती चेनवर, सायलेन्सरच्या पाइपवर आणि रेडिएटरच्या खाली बसली. परत आल्यावर गाडी धुणे शक्य नव्हते, कारण पाइप गोठून फुटू नयेत म्हणून इमारतीच्या अंगणातला नळ हिवाळ्यापुरता बंद केलेला असतो. मालकाने गाडी तळघरात लावली आणि स्वस्तातले प्लॅस्टिकचे कव्हर तिच्यावर घट्ट ओढून खालून दोरीने बांधले. टाकीत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, तिथे ई-10 नावाने मिळणारे पेट्रोल निम्म्याहून कमी होते.

त्यानंतर तो दर रविवारी खाली जाऊन इंजिन पाच मिनिटे चालू ठेवू लागला. हा सल्ला पुण्याहून वडिलांचा होता : गाडी उभी राहिली की बसते, आठवड्यातून एकदा तरी चालू करून ठेवत जा. जानेवारीच्या मध्याला स्टार्टर कण्हल्यासारखा फिरू लागला आणि पुढच्या रविवारी बटण दाबल्यावर रिलेचा नुसता टकटक आवाज आला. बाहेर बर्फ असल्याने मालकाने विषय तिथेच सोडला. गाडी एप्रिलपर्यंत तशीच राहिली.

एप्रिलमध्ये काय आढळले

कव्हर काढले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. बॅटरीचा दाब 11 व्होल्टच्याही खाली गेला होता. चार्जर लावल्यावर तो 12.5 पर्यंत चढला, पण हेडलाइट लावताच पुन्हा कोसळला. चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांवर तांबूस थर होता आणि दोन कड्या वाकवल्या तर वाकलेल्याच राहत होत्या. पुढचे चाक हाताने फिरवताना अडत होते, कारण पॅड डिस्कवर दाबणाऱ्या ब्रेकच्या कॅलिपरची सरकणारी पिन गंजून जॅम झाली होती आणि पॅड डिस्कपासून सुटत नव्हते. मागच्या टायरमधील हवा बरीच उतरली होती आणि जमिनीला टेकलेला भाग किंचित चपटा झाला होता.

सर्वांत बोलकी खूण इंजिनात होती. तेल भरण्याचे झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला सायीसारखा पिवळट-पांढरा लगदा चिकटलेला होता. अनेकांना हे पाहून सिलिंडर हेडचे गॅस्केट गेल्याची शंका येते, कारण कूलंट तेलात मिसळले तरी असेच दिसते. इथे कूलंटची पातळी कमी झालेली नव्हती आणि खालून काढलेले तेल पाण्याने दुधाळ झालेले नव्हते. लगदा फक्त वरच्या थंड झाकणाखाली आणि इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीत होता, म्हणजे पाणी बाष्परूपाने आले होते. सायलेन्सर किंचित तिरपा केल्यावर त्यातून गंजाच्या रंगाचे पाणी टपकले.

कारणमीमांसा

मालकाने सुरुवातीला सगळा दोष थंडीला दिला होता, पण वरील यादीतील एकही बिघाड निव्वळ थंडीने झालेला नाही.

रविवारच्या पाच मिनिटांचा हिशेब आधी पाहू. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले की त्यातील हायड्रोजनपासून जवळजवळ तेवढेच, म्हणजे नऊशे मिलिलिटरहून अधिक पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर हे पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडते, म्हणून एरवी ते कधी नजरेस येत नाही. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवण्यात, पेट्रोल फार तर पन्नासएक मिलिलिटर जळत असेल, परंतु सायलेन्सर थंड असल्याने त्यापासून झालेल्या पाण्याचा मोठा भाग आतच साचतो, आणि पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेली वाफ क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागात, उतरून तेलाशी एकजीव होते. मीटरवरची तापमानाची पट्टी पाच मिनिटांत अर्ध्यावर येते खरी, पण ती कूलंटचे तापमान दाखवते, तेलाचे नाही. तेलातले पाणी उडून जायचे तर गाडी रस्त्यावर वीस मिनिटे-अर्धा तास भाराखाली चालायला हवी. वडिलांचा सल्ला पुण्यात चुकीचा नव्हता, कारण तिथे गाडी चालू केली की माणूस तिच्यावरून मंडईला जाऊन येतो. म्युनिकच्या तळघरात त्या सल्ल्याचा अर्धाच भाग पाळला गेला, आणि नेमका तो अर्धा भाग घातक होता.

बॅटरीचेही असेच झाले. चोरीच्या भीतीने मालकाने गाडीत जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला होता. असा ट्रॅकर आणि मीटरमधले घड्याळ मिळून 10 मिलिअँपिअर एवढाच प्रवाह घेतात असे धरले तरी आठवड्याला सुमारे 1.7 अँपिअर-तास खर्च होतात. आयडलिंगवर दिवा, पेट्रोल पंप आणि इग्निशन यांना पुरून बॅटरीकडे तीन अँपिअर जातात असे उदारपणे मानले तरी पाच मिनिटांत परत मिळतात फक्त 0.25 अँपिअर-तास, आणि त्यातूनच स्टार्टरचा खर्चही भागवायचा असतो. 8 अँपिअर-तासांची बॅटरी या तोट्यावर पाच-सहा आठवड्यांत रिकामी होणार, आणि ती तेवढ्याच काळात झाली. खरे नुकसान मात्र त्यानंतरच्या अडीच महिन्यांत झाले. रिकाम्या बॅटरीच्या पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे कण कठीण होत जातात आणि एका मर्यादेपलीकडे कोणताही चार्जर ते पुन्हा विरघळवू शकत नाही. गाडी उघड्यावर असती तर आणखी एक धोका होता : पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरते आणि ते शून्याच्या थोडे खाली गोठून डबा तडकू शकतो.

चेन आणि कॅलिपर यांचा दोष मिठाकडे आणि कव्हरकडे जातो. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून स्वतःच पाघळते. त्याखाली ते कोरडे आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. तळघरातील हवा ही मर्यादा वारंवार ओलांडते आणि प्लॅस्टिकच्या कव्हराखाली ती पुन्हा खाली यायला वाव राहत नाही. शिवाय थंडीची लाट ओसरून बाहेरची उबदार, दमट हवा आत आली की थंड धातूवर दव धरते. दुसऱ्या शब्दांत, डिसेंबरमधील एका फेरीचे मीठ एप्रिलपर्यंत ओलेच राहिले. कोकणात पावसाळाभर गाडी बांधून ठेवणाऱ्याला हे नवे नाही. त्याला फक्त इतकेच सांगावे लागेल की म्युनिकला समुद्र नसला तरी मीठ आहे.

पेट्रोलचा दोष मला वाटले होते त्याहून कमी निघाला. इथेनॉल पाणी शोषते आणि ई-10 मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी झाले की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, हे खरे आहे. पण बंद टाकीत चारपाच महिन्यांत तेवढे पाणी जमणे कठीण असते आणि इथेही थर वेगळा झालेला नव्हता. पेट्रोलला शिळा वास येत होता, म्हणजे त्यातले हलके घटक उडून गेले होते. त्याहून गंभीर होते ते टाकीच्या तोंडाशी आतून दिसणारे गंजाचे ठिपके, कारण अर्धी रिकामी पत्र्याची टाकी म्हणजे दव धरण्यासाठी उघडा पडलेला पत्रा. गाडी कार्ब्युरेटरची असती तर जेटमध्ये चिकट राळ बसून आणखी एक काम निघाले असते. आता भारतातही वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले आहे, तेव्हा महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी या मुद्द्याकडे माझ्यापेक्षा अधिक गांभीर्याने पाहिलेले बरे.

दुसरा हिवाळा

दुसऱ्या वर्षीचा पहिला निर्णय यांत्रिक नव्हता, कागदोपत्री होता. जर्मनीत 1997 पासून मोसमी नंबरप्लेटची सोय आहे. प्लेटच्या उजव्या कडेला दोन महिन्यांचे आकडे एकाखाली एक छापलेले असतात आणि गाडी त्या दरम्यानच सार्वजनिक रस्त्यावर आणता येते. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा भरावा लागतो, आणि उरलेल्या काळात गाडी खासगी आवारात उभी असेपर्यंत विम्याचे मर्यादित संरक्षण चालू राहते. मालकाने 04 आणि 10, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर, असे सात महिने घेतले. सहा महिन्यांहून छोटा मोसम घेतला तर विम्यातील दावा-मुक्त वर्षांची पायरी सहसा पुढे सरकत नाही, हाही विचार त्यात होता. पैसे वाचले हे ठीकच, पण माझ्या मते मोठा लाभ असा की डिसेंबरमधल्या उन्हाचा मोह कायद्यानेच संपला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मालकाने इथेनॉल कमी असलेल्या महाग पेट्रोलने टाकी जवळजवळ काठोकाठ भरली, तापमानाने पेट्रोल फुगेल तेवढी जागा सोडली आणि पेट्रोल टिकवणारे द्रव्य त्यात मिसळून गाडी अर्धा तास चालवली, जेणेकरून ते मिश्रण इंजेक्टरपर्यंत पोहोचावे. गाडी धुण्याच्या केंद्रावर कोमट पाण्याने ती धुतली, पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि चेनवर येणार नाही याची काळजी घेतली, आणि वाळण्यासाठी ती पुन्हा थोडी पळवली. इंजिन गरम असतानाच तेल व फिल्टर बदलले. तेल हिवाळ्याआधी बदलावे की वसंतात, यावर वाद आहे. मी आधीच्या बाजूचा आहे, कारण वापरलेल्या तेलात आम्ले आणि पाणी असते आणि ते बेअरिंगवर पाच महिने बसवून ठेवण्यात काही शहाणपण दिसत नाही.

कूलंट तपासताना एक अनपेक्षित गोष्ट कळली. उन्हाळ्यात आल्प्समधील एका घाटात पातळी कमी दिसली म्हणून मालकाने पिण्याचे साधे पाणी ओतले होते. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असेल तर मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. मापकाखाली धरलेल्या थेंबाने ती मर्यादा बरीच वर आलेली दाखवली. तळघरात ते गोठले नसते, तरीही गंजरोधक द्रव्येही त्याच प्रमाणात पातळ झाली होती, म्हणून सगळे कूलंट बदलण्यात आले.

बॅटरी काढताना आधी ऋण आणि मग धन टोक सोडवले. उलटे केले आणि पान्हा चुकून फ्रेमला टेकला तर ठिणगी उडून शॉर्ट होतो. बॅटरी घरच्या कोठीच्या खोलीत ठेवली आणि महिन्यातून एकदा स्वयंचलित चार्जरवर लावली. लहान बॅटरीला क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे इथे 0.8 अँपिअर प्रवाह पुरतो. मोटारीच्या बॅटरीचा मोठा चार्जर तिला मानवत नाही. विसावलेल्या बॅटरीचा दाब 12.8 व्होल्टच्या आसपास असावा आणि 12.4 च्या खाली जाऊ देऊ नये, एवढे आकडे लक्षात ठेवले की पुरे. ट्रॅकर अर्थातच बंद पडला. त्याऐवजी जाड साखळीने गाडी भिंतीतल्या कडीला बांधली.

मधला स्टँड नसल्याने पुढे-मागे पॅडॉक स्टँड (चाक उचलून धरणारे सुटे स्टँड) लावून दोन्ही चाके जमिनीपासून उचलली, तरीही टायरमध्ये थोडी जादा हवा भरली, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की दाब सुमारे 0.1 बारने कमी होतो. चेन साफ करून तिला मेण लावले. उघड्या नटबोल्टांवर गंजरोधक फवारा मारताना डिस्क आणि टायर पिशवीने झाकले होते. सायलेन्सरच्या तोंडात तेलाचे फडके खोचले आणि त्याची आठवण म्हणून हँडलला लाल रिबन बांधली. प्लॅस्टिकच्या कव्हराची जागा घरातल्या जुन्या सुती चादरीने घेतली, आणि ही एवढीच गोष्ट फुकट होती. खांबाला टांगलेला आर्द्रतामापक बर्फ वितळण्याच्या दिवसांत अनेकदा 80 टक्क्यांच्या वर गेलेला दिसला. त्यावरून जागेत काही सुधारणा झालेली नाही याची खात्री पटली.

काही गोष्टी जाणूनबुजून केल्या नाहीत. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडण्याचा सल्ला अनेकजण देतात. दोनतीन वर्षे उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी तो योग्य आहे, पण पाच महिन्यांसाठी एवढी उठाठेव करून प्लगचे आटे बिघडवण्याची जोखीम पत्करण्यात अर्थ नव्हता. आणि इंजिन पाच महिने एकदाही चालू केले नाही. वडिलांना हे शेवटपर्यंत पटले नाही.

एप्रिलनंतर

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी फडके काढले, टायरचा दाब योग्य केला, ब्रेकचा लिव्हर घट्ट लागतो ना हे पाहिले आणि बॅटरी जोडली. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. तेलाच्या झाकणाखाली लगदा नव्हता. पुढच्या डिस्कवर गंजाची अगदी पातळ झाक होती, ती दोनचार वेळा ब्रेक दाबताच गेली. पहिल्या फेरीत वेग मुद्दाम कमी ठेवला होता, कारण बर्फावर चाके घसरू नयेत म्हणून हिवाळ्यात टाकलेली बारीक खडी एप्रिलमध्ये वळणांच्या कडेला साचलेली असते आणि थंड टायरखाली ती फार धोकादायक ठरते. दोन वर्षांनी होणारी सक्तीची तांत्रिक तपासणी फेब्रुवारीत यायची होती. मोसमी प्लेटच्या गाड्यांना ती पुढच्या मोसमाच्या पहिल्या महिन्यात करून घेण्याची मुभा असल्याने तीही एप्रिलमध्येच उरकली.

पहिल्या हिवाळ्याचा एक अवशेष मात्र अजून गाडीत आहे. सायलेन्सरचा पाइप इंजिनला जिथे जोडलेला आहे तिथल्या दोन नटांपैकी एक मिठाने इतका खाल्ला आहे की त्याच्यावर पान्हा बसत नाही. तो जबरदस्तीने उघडायला गेले तर सिलिंडर हेडमधील स्टड तुटण्याची भीती आहे. म्हणून पाइप काढण्याची वेळ येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, दर ऑक्टोबरला त्यावर गंज सोडवणारे तेल सोडत राहायचे आणि तोवर नवा स्टड व नट आणून ठेवायचे, असे ठरले आहे.